तुंबारी

मिरजेत समुद्र नाही.
तलाव आहे, त्यात वर्षातून एकदा गणपती,
एरवी शेवाळ.
म्हणून बेटं मीच केली,
इर्शादच्या दुकानात, दर गुरुवारी, शटर अर्धं ओढून,
वाळायला टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली.

पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला नकाशा.
सात बेटं, आणि एक चहाचा डाग.
"डागावर कोण राहतं?" रूथनं विचारलं.
तिला रात्रपाळीला जायचं होतं,
पांढऱ्या बुटांसकट मांडी घालून बसलेली.
मी वर बघितलं आणि तोंडाला आलं ते म्हणालो:
तुंबारी.

तर तुंबारी.
भोपळ्यात जन्मतात, भोपळ्यातून दर्या फिरतात.
त्यांच्या भाषेत 'घर' नाही,
'बांधून ठेवलेलं' असा एक शब्द आहे,
तो होडीलाही चालतो, माणसालाही.
नावेवर तारा ओढतात. वारा आला की नाव बोलते,
आणि काळोखात किनाऱ्यावरच्या बायका स्वरावरून सांगतात
कोण परतलं, कुणाची खुंटी ढिली पडलीय.
पोरांना पोहायला शिकवत नाहीत.
पोहता येणाऱ्याला बुडायला फार वेळ लागतो,
असं त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं.

फासा इर्शादनं केला.
सतारीच्या घोडीतून उरलेलं उंटाचं हाड,
वीस बाजू, कानशीनं घासून घासून.
सात जरा जास्त पडतात. सगळ्यांना माहीत आहे.
बसवराजनं खरा समुद्र बघितलाय
(शाळेची सहल, गणपतीपुळे, वांती थेट चपलेत),
तो दर खेपेला म्हणायचा, फासा खोटा आहे.
इर्शाद म्हणायचा, खोटा नाही रे,
त्याला सूर आहे.

तीन वर्षं.
मिठाच्या राणीशी तह झाला, मोडला, पुन्हा झाला.
बसवराजचा वैदू दोनदा मेला, दोन्ही वेळा हट्टानं.
इर्शादचा नावाडी सोनखुंट, उजव्या वल्ह्यावर,
भर लढाईत तारा जुळवत बसायचा.
आम्ही ओरडायचो. तो म्हणायचा,
बेसूर नाव जिंकून काय करायची?

मग मस्कतचा व्हिसा आला.
फर्निचरचा कारखाना, पॉलिशचं काम.
"सतारी कोण घेतंय," एवढंच बोलला.
शेवटच्या गुरुवारी खेळला नाही.
पटाशा, कानशी, रंधे,
एकेक पुसून तेल लावून फडक्यात गुंडाळलं.
फासा काउंटरवर ठेवला. कुठली बाजू वर ते सांगत नाही.

सोनखुंटचं काय करायचं?
मारून टाक, बसवराज म्हणाला, वादळात, मानानं.
रूथ म्हणाली, आमच्याकडे एक रकाना असतो,
'स्वतःच्या मर्जीने गेला.'
बरा झाला आणि वारला, ह्यांच्यामध्ये.
मी वही ओढली आणि लिहिलं:
तुंबारींत निघून गेलेल्याला मेला म्हणत नाहीत.
त्याचं वल्हं तेलात ठेवतात.
त्याचा फासा कुणीही टाकावा, पण डाव्या हातानं,
आणि पडेल ते मान्य.

दोन महिन्यांनी, रात्री एकला, फोनवर त्याचा आवाज.
तेवीस सेकंद. आधी नुसतं घोंघों,
लांब कुणीतरी अरबीत हाक मारतंय.
मग तो:
"ऐकलंस? तू सांगायचास तसा नाही रे.
ह्याची जवारी काढायची राहिलीय."

आज गुरुवार. अब्बा आत झोपलेत.
रूथला सुट्टी, तरी बूट तेच.
बसवराजनं डावा हात झटकला,
फासा उडाला, घरंगळला,
कोपऱ्यातल्या भोपळ्यांच्या ढिगाखाली गेला.
टॉर्च माझ्या खिशात होता.
"सातच असणार," बसवराज म्हणाला,
खोटा फासा म्हणणारा बसवराज.
मी सोनखुंटसमोर सात लिहिलं
आणि नाव वळवली
डागाकडे.