अर्ध्यावर

सुलेखा ठाण्याला राहायला गेली आणि टाकी माझ्याकडे ठेवून गेली.
दोन फूट बाय एक. वर पांढरी एलईडी पट्टी,
कुर्ल्याच्या अन्वरने स्वतः येऊन बसवलेली.
"काका, शोरूमसारखं दिसेल बघा."
दिसलं. समोरच्या भिंतीवर
सोफ्याची, माझी, माझ्या चहाच्या कपाचीसुद्धा सावली पडली.
शालन मालिका बघताना कपाळावर आडवा हात धरू लागली.
मासे तेवढे दिसेनात.
फिल्टरच्या मागे, एकाला एक चिकटून,
तालमीला उशिरा आलेल्या पोरांसारखे.

वाटलं, नवी जागा आहे, बुजले असतील.
पाचव्या दिवशी काच हिरवी झाली.
नवव्या दिवशी टेट्राच्या अंगावरची लाल रेघ
जुन्या पावतीवरच्या शिक्क्याइतकी फिकट.

मी एकतीस वर्षं नाटकांचे लाइट्स केले.
हे आधी सांगायला हवं होतं.

कुंदाताई तिसऱ्या अंकात मुलाचं पत्र वाचायच्या,
मान खाली, पापण्या जवळजवळ मिटलेल्या.
पेपरात आलं होतं, काय हा संयम!
ते कात्रण मीही पाकिटात ठेवलं होतं,
कारण तो स्पॉट माझा होता, फुल्लवर.
पुढे सावंतवाडीच्या दौऱ्यात, पहाटेच्या बसमध्ये,
शेंगदाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या,
"संयम कसला रे मेल्या, मला दिसत नव्हतं काही.
डोळ्यांतून पाणी यायचं तुझ्या त्या दिव्याने."
मी विचारलं, मग बोलला का नाहीत?
त्या म्हणाल्या, "तू वर केबिनमध्ये. तुला काय ओरडून सांगू?"

त्यांना निदान पापण्या होत्या.

काल माळ्यावरून ट्रंक काढली.
जिलेटीनचे कागद अजून शाबूत, कडांना करपलेले,
अंबर, निळा, आणि तो दुधी, ज्याला आम्ही फ्रॉस्ट म्हणायचो.
कात्रीने पट्टीच्या मापाचा दुधी कापला.
एक थर. मग दुसरा.
पट्टीच्या पायांखाली काड्यापेट्या, दोन्हीकडे दोन-दोन,
म्हणजे दिवा पाण्यापासून चार बोटं वर.
अन्वरला फोन केला, तो म्हणाला, "पाणकोबी सोडा वरती,
दहा रुपयाला मूठभर देतो, सावलीचं काम तीच करेल."
समोरच्या काचेच्या टॉवरवरून चार वाजता
उलटं ऊन थेट टाकीत येतं, हेही कालच लक्षात आलं.
त्या खिडकीला शालनची जुनी नऊवारी, दुहेरी.
ती काही बोलली नाही, फक्त काठ आतल्या बाजूला वळवून दिला.

आज संध्याकाळी पट्टी एकदम लावली नाही.
आधी खोलीतली ट्यूब घालवली,
मग स्वयंपाकघराचं दार लोटलं, फट ठेवून.
हात सवयीने दांडा शोधत होता.
इथे दांडा नाही, भिंतीवर बटण आहे,
चालू किंवा बंद.
तरी मी ते हळूच दाबलं. जणू हळू दाबल्याने फरक पडतो.

पाणी चहापत्तीच्या दुसऱ्या उकळीच्या रंगाचं.
पाणकोबीच्या मुळ्या खाली लोंबत होत्या.
बराच वेळ रिकामं स्टेज.
मग फिल्टरच्या मागून एक नाक,
एक डोळा, उघडा, कायमचा उघडा,
आणि त्याच्यामागे बाकीचे अकरा, रांग न मोडता,
लाल रेघ लालच असलेले.

मला माहीत नव्हते बारा आहेत. मी आठ समजत होतो.

आतून शालनचा आवाज आला,
"अहो, लाइट गेली का?"
मी तोंडावर बोट ठेवलं,
मग आठवलं, तिला मी दिसत नाहीये.
उठलो, दाराच्या फटीपाशी गेलो,
म्हटलं, ये. पण चप्पल काढून ये.