वाजवी वेळ

सहाच्या फेरीबोटीत, रायबंदरहून चोडणला येताना,
बाकाखाली कापडी पिशवी होती.
मी वाकले नसते तर काहीच झालं नसतं.

पडलेली वस्तू पडलेली राहू दे,
तुझ्यावर कसला भार नाही.
उचललीस की तू तिची राखणदार.
शहाणं माणूस स्वतःचं जपतं तितकं जप,
धनी शोध, वाजवी वेळ वाट बघ.
'वाजवी' म्हणजे किती दिवस, हे
डिचोलीच्या कोर्टात सव्वीस वर्षं टाइप करताना
एकाही न्यायाधीशाने मला सांगितलं नाही.

पिशवीत सहा मानकुराद, गवतात बसवलेले,
आणि चष्म्याच्या डबीत
कानाचं यंत्र. एकच.

"कोणाची पिशवी?" मी ओरडले.
दोर बांधणारा उल्हास ओरडला.
स्कूटरवाल्यांनी मागे वळून पाहिलं
आणि स्कूटरी चालू केल्या.

जेटीच्या खांबाला मी कागद लावला:
वस्तू सापडली आहे, खूण पटवून न्यावी.
आत काय ते लिहिलं नाही,
खुणा ज्याच्या त्याने सांगायच्या असतात.
पंचायतीच्या शिपायाने मात्र भोंग्यावरून सगळं फोडलं:
ज्यांचं ऐकायचं यंत्र हरवलं आहे
त्यांनी कृपया ऐकावं.
दोनदा म्हणाला. कोणालाच हसू आलं नाही,
मला रात्री आलं.

हवालदार म्हणाला, यंत्र ठेवून घेतो,
आंबे नको बाई, पंचनामा होईपर्यंत मुंग्या लागतील.
मी दोन्ही परत आणलं.
एका माणसाची वस्तू अशी वाटून टाकणं बरं वाटेना.

चौथ्या दिवशी घरभर वास.
नासणारा माल विकता येतो,
पैसा धन्याचा.
चार आंबे आंजेलिनने घेतले, चारशे रुपये,
नोटा डबीत, यंत्राखाली.
पाचवा डागला होता, कोंबड्यांनी खाल्ला.

सहावा मी.
मोरीत उभी राहून, दिवा न लावता,
कोपरापर्यंत ओघळ.
याला कलम आहे. आरोपीने बेइमानीने
स्वतःच्या उपयोगासाठी, वगैरे.
शिक्षेची ओळ मला पाठ आहे.
कोय मी धुऊन ठेवली. कशाला, माहीत नाही.

नवव्या दिवशी माडेलचा लाझारस दियश आला,
दारातूनच मोठ्याने बोलत,
ज्यांना स्वतःचा आवाज पोचत नाही तसं.
पिशवीचा रंग सांगितला, ठिगळ सांगितलं,
आंबे सहा, बहिणीच्या झाडाचे, म्हणाला.

मी पिशवी दिली, डबी दिली.
तो नोटा मोजू लागला.
"एक मी खाल्ला," मी म्हणाले.
नीट, सरळ, त्याच्या तोंडाकडे बघून.

"कितें?"

नोटा खिशात कोंबल्या, यंत्र काढलं,
शर्टाला पुसलं, कानात बसवलं,
बारीक शिट्टी वाजली आणि थांबली.
मागे फेरीबोटीचं इंजिन, आंजेलिनची कोंबडी,
सगळं एकदम त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"आतां सांग," तो हळू आवाजात म्हणाला.

"एक डागला," मी म्हणाले. "चारांचे चारशे."

त्याने बोटं मोडून बेरीज केली. पाच.
माझ्याकडे पाहिलं.
शंभराची एक नोट माझ्या उंबऱ्यावर ठेवली
आणि उतारावरून जेटीकडे गेला.

नोट अजून तिथेच आहे.
मी वाकलेले नाही.