यंदाची वीत

बजेटच्या दुसऱ्या दिवशी आबा पेपर ओट्यावर पसरतात,
वाऱ्याने उडू नये म्हणून वर रुळाचा तुकडा ठेवतात,
भुसावळच्या भंगारातून किलोवर आणलेला,
आणि भिंग घेऊन शोधतात आमची लाईन.

पहिल्या पानावर ती नसते.
चौकटीतही नसते.
आतल्या पानाच्या तळाशी, बियाण्यांच्या जाहिरातीला चिकटून
सापडते. तरतूद: रुपये एक हजार.
शून्यं पुन्हा मोजून होतात. तीनच.

"नाव कटाले नको म्हनीसन ठेवतस," आबा सांगतात.
सुरतेला गेलेल्या पोराचं
रेशनकार्डावर ठेवतात तसं.

एकोणिसाव्या वर्षी झुलाल उखा, चैनमन,
रोजंदारी साडेतीन रुपये,
तीस मीटरची साखळी ओढत चालला होता
चोपड्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत,
तुरीतून, दादरातून, कुणाच्या तरी खळ्यातून.
साहेब दुर्बिणीला डोळा लावायचे.
हा टोकाला उभा राहून ओरडायचा, "चैन!"
त्या सर्वेतला एक दगड उरलाय पिंपळकोठ्याच्या फाट्याला.
कुणी शेंदूर फासायच्या आत
आबा दर दिवाळीला त्यावरचा आकडा काळ्या रंगाने गिरवतात:
४१/३.

मी त्यांची धाकटी, आगारात वाहक.
सकाळी सव्वासहाची गाडी माझी.
चव्वेचाळीस सीटांवर सत्तर जण:
आयटीआयची पोरं, डायलिसिसला जाणारे शिंपी गुरुजी,
विळे गोणपाटात गुंडाळलेल्या पावरा बाया,
दरवाजात लटकलेला कुणाचा तरी जावई.
डिझेल आलं नाही की फेरी रद्द.
फळ्यावर खडूने कारण लिहितात: तांत्रिक.
फाट्यावर टेम्पोवाला डोकी मोजायला लागतो.
गुरुजी टेम्पोत चढू शकत नाहीत.

मागच्या साली एका रात्री हिशेब मांडला आम्ही,
जुन्या वे-बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर.
हजाराचा रूळ येतो केवढा?
वीतभर, वर फार तर दोन बोटं.
रूळ दोन. किलोमीटर बासष्ट.
निव्वळ लोखंड. खडी, स्लीपर धरले नाहीत,
तापीवरचा पूल तर नाहीच नाही.
पाच लाख वर्षांच्या आसपास गेलं.

मला हसू आलं. आबांना नाही.
म्हणाले, पुन्हा कर,
लोखंडाचा भाव दरसाल चढतो ते धर.
तू जन्मलीस तेव्हा हजारात पुरुषभर रूळ यायचा.
तुझ्या लग्नात हातभर.
आता वीत.

ते धरलं तर लाईन पुढे जातच नाही.
मागे मागे येते,
आपल्या ओट्यापर्यंत,
या पेपरवरच्या तुकड्यापर्यंत.

"केळीचं पाणी आठ दिवस तोडलं तर बाग जाते,
हे दिल्लीतल्या माणसालाही कळेल," ते म्हणाले.
"लाईनीला मात्र सालभरात एक थेंब,
आणि वर विचारणार, उगवत का नाही?"
मग थोडं थांबून, जरा हळू:
"मार्चअखेर सगळं संपतं त्यांचं.
एप्रिलात कोरी वही.
मागच्याची उधारी कोण वाचणार."
दिवा घालवला. वे-बिल घडी करून
रुळाखाली ठेवलं, अजून तिथंच आहे.

यंदा पेपर आला त्याच्या दुसऱ्या सकाळी
गाडी फाट्याजवळ आली तर दगडापाशी आबा,
धुवट टोपी, हात आडवा, सिग्नलसारखा.
तिथं थांबा नाही.
अशोकभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि ब्रेक दाबला.

चढले. गुरुजींनी सरकून जागा केली.
आधारकार्ड पुढे केलं, सत्तरीचं, अर्ध्या तिकिटाचं,
जणू मी कुणी परकी.
"कुठलं देऊ?" मी मशीन सरसावलं.

मुठीतले सुटे पैसे तळहातावर ओतले माझ्या.
बाहेर सुपारीएवढा सूर्य, केळीच्या पानांआड.

"जठलगून पैसा पुरी," आबा म्हणाले,
"तठलगून दे."