वल्ह्याच्या मुठीएवढं खोल

पाकिटावर मराठीचं एक अक्षर नव्हतं.
मेहेरबाईंनी ते मांडव्याच्या बोटीतून आणलं, पर्समध्ये,
म्हणाल्या, लीक.
जाऊ म्हणाली, टाकी होते तशी?
आम्ही दोघी हसलो. बाई नाही हसल्या.

बी मात्र ओळखीचं निघालं. काळं, कोनेरी,
आमच्या पांढऱ्या कांद्याचं असतं तसंच.
बर्फाच्या थर्मोकोलच्या पेटीत माती भरली
(बांगड्यांचा वास तिला शेवटपर्यंत होता)
आणि बाराव्या दिवशी
आधी कोपर बाहेर, मान नंतर,
शेंड्यावर बियाची टोपी तशीच.

लग्न होऊन थळला आले तेव्हा
रोप कुठून धरायचं तेही मला माहीत नव्हतं.
रेवदंड्याच्या होडीवाल्याची पोर.
जाऊने शिकवलं: चार बोटं अंतर, पेरभर खोल,
अंगठ्याने बूड दाबायचं आणि पुढे सरकायचं.
आता या पाकिटापुढे ती नि मी सारख्याच अडाणी.

बाई फोनवर सांगत होत्या: वीतभर खोल भोक,
एकेक रोप आत सोडायचं. माती लोटायची नाही.
दाबायची तर मुळीच नाही.
पहार जड, काठी बारीक,
मग माळ्यावरून बाबांच्या वल्ह्याची मूठ काढली.
होडी विकली तेव्हा एवढीच मागून घेतली होती.
तिच्यावर अजून तळहातांची झिलई.
पाण्यात शिरावी तशी मातीत शिरली,
फिरवून उपसली की काठ शाबूत.

मुळं कातरली, शेंडे कातरले.
पहाटेचं मतलई वारं पडेपर्यंत तीन ओळी झाल्या.
मग झारी.
पाणी उतरलं आणि काठची माती
आपसूक, जराजराशी, मुळाशी गेली.
उघडीच ठेवायची? जाऊ तीनदा म्हणाली.
तिचा अंगठा बिनकामाचा हवेत वळवळत होता.

माघात शेजारच्या वाफ्यातला कांदा पोसला.
जाऊ लीकच्या बुडाशी बोट घालून चाचपायची.
"हे काही धरत नाही गं."
आणि तिचं बोट मातीतच थांबलं.

हा शब्द आमच्या घरात सहा वर्षं चालला होता
माझ्यासाठी, आधी दाराआड, नंतर दार उघडं ठेवून,
मग एके वर्षी सगळ्यांनी तो उचलून ठेवला.

मी म्हटलं, याला धरायचंच नसतं.
ती म्हणाली, अस्सं.
आणि भरलेली झारी भरायला गेली.

चैत्रात पहिला उपटायला गेले तर येईचना.
दोघींनी मिळून ओढला.
सरळसोट, मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत,
जेवढा मातीत होता तेवढाच पांढरा.
जाऊने सवयीने पात वळायला घेतली माळेसाठी,
पण ती रुंद, ताठ, वेणीत बसेना.
बाईंना अकरा दिले. बारावा जवळ्यात घातला.
चिरताना डोळ्याला टिपूस नाही,
ते जाऊला पटलं नाही:
कांद्यासारखं दिसायचं नि रडवायचं नाही म्हणजे काय.
तरी दोनदा वाढून घेतलं.

हात धुताना म्हणाली,
ती मूठ चुलीपाशी ठेवू नकोस, कुणी सरपण समजून घालील.
आणि पुढच्या खेपेला
अजून दोन बोटं खोल.