दोन नळ्या

नाना पेठेत, सीटकव्हरवाल्यांच्या ओळीत
दस्तगीरभाईंचं दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं
आणि खिळ्याला टांगलेल्या दोन काळ्या रबरी नळ्या.
एक डाव्या कानात, एक उजव्या,
दुसरी टोकं दोन कार्बोरेटरच्या तोंडाशी.
डोळे मिटायचे. ऐकायचे. मग स्क्रू, पाव आटा.
"आता दोघं बरोबर श्वास घेतायत," म्हणायचे,
आणि टाकीवर ठेवलेल्या चहाची साय हलायची नाही.

माझी होंडा त्र्याहत्तरची, साडेतीनशे,
कॅम्पातल्या एका दिनशॉकडून घेतलेली.
गेल्या दिवाळीपासून स्वारगेटच्या सिग्नलला थरथरते,
आरशात मागची पीएमटी दोन दोन दिसते.
तीनदा नेली. तीनदा त्यांनी ऐकली.
तिन्ही वेळा घरी येऊन मी बॅटरी धरून पाहिलं:
उजवा जास्त उघडा. दर वेळी उजवाच.
दर वेळी तेवढाच.

बिघाड इतका नियमित नसतो.

अकरावीला फिजिक्स शिकवते मी,
पण हे कळायला मला तीन महिने लागले.
आणि कळल्यावर सांगणार कसं?
म्हणून साधन शोधायला निघाले.

पाऱ्याचं होतं एक, चार काचेच्या उभ्या नळ्या, देखणं.
पण पारा सांडला की फरशीवर शंभर पिल्लं घालतो,
शाळेच्या लॅबमधली अजून सापडतात मला.
मग घड्याळांचा जोड, साडेसहा हजार,
पेटीत मखमल, काटे पितळी.
दुकानदाराला म्हटलं, दोन्ही एकाच नळीला लावून दाखवा.
एक बावीस म्हणालं, एक चोवीस.
आधी यांचंच जुळवायचं, मग गाडीचं.
शिवाय मखमलीची पेटी घेऊन दस्तगीरभाईंसमोर जायचं
म्हणजे डॉक्टरांचं पत्र घेऊन गेल्यासारखं.

बोहरी आळीत पारदर्शक पाइप मिळाला, बावीस रुपये मीटर.
चार मीटर घेतला. लाकडी फूटपट्टीवर यूसारखा वळवून बांधला,
तळात गिअरचं लाल तेल.
तेल एकच, त्यामुळे खोटं बोलायला दुसरं कुणी नाही.
आणि टोकं दोन.
बाकड्यावर ठेवल्यावर त्यांनी आपल्या खिळ्याकडे पाहिलं.
"हे तर आमचंच की," म्हणाले. "फक्त दिसणारं."

पहिल्यांदा फजिती झाली.
गाडी सुरू होताच डाव्यानं सगळं तेल ओढून घेतलं,
डाव्या सायलेन्सरमधून निळा लोट,
समोरचा सीटकव्हरवाला रेक्झिन टाकून खोकत बाहेर.
दस्तगीरभाई हसले नाहीत.
"एवढा फरक?" म्हणाले.
"मी लावलेला?"

मी तेल पुन्हा भरत होते. पाइप पुसत होते.
पुसून झालेला पुन्हा पुसत होते.

दुसऱ्यांदा त्यांनी एक नळी चिमटीत धरली, हळूहळू सोडली.
डाव्या बाजूला लाल रेघ वर चढत गेली,
चार बोटं, पाच, तिथे थांबून धापा टाकत राहिली.
त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उजव्याला लावला.
पाव आटा. आणखी पाव. मग नखाएवढा.
दोन रेघा समोरासमोर आल्या
आणि पीएमटीच्या आरशासारखं नाही, माझ्या आरशात
पलीकडच्या दुकानाची पाटी उलटी, पण एकच दिसली.

त्यांनी उजव्या कानात करंगळी घातली,
फिरवली, बाहेर काढून पाहिली,
जणू तिथे काजळी असेल.

तेवढ्यात अमृततुल्यचा पोरगा आला, उजवीकडून काहीतरी विचारू लागला.
"या बाजूनं ये," ते म्हणाले,
आणि स्टूल फिरवून बसले, डावा कान रस्त्याकडे.

मजुरी घेतली नाही. उरलेला मीटरभर पाइप मागून घेतला.
जुन्या नळ्या खिळ्यावरून काढल्या असतील
असं मला वाटलं होतं.
परवा गेले तर तिन्ही होत्या.
नवीन एक पाय फाकून मधोमध, तळात थोडं तेल.
"आधी ऐकतो," म्हणाले. "मग बघतो
कुठवर चुकलोय."