सोळा आणे, वर चार बोटं

तेहतीस फुटांची साखळी.
सोळा आणे तिचे, आण्याआण्याला पितळेची चकती.
एक टोक मोजणीदाराच्या हातात, दुसरं ओमाण्णाच्या.
ओमाण्णा म्हणजे माझा बाप,
खानापूरच्या मोजणी कचेरीतला साखळीवाला.
त्याला अक्षर येत नव्हतं, ना हे ना ते.
साहेब म्हणाला ‘धर’, तर धरायचा.
बदलीवर आलेला म्हणाला ‘हिडी’, तरी धरायचा.
हात तोच, साखळी तीच,
मधे बांध.

कणकुंबीच्या वर, मलप्रभा जिथं
पाटाच्या पाण्याएवढीच असते,
तिथं साखळी चिखलातून उपसली
की कड्यांत जळवा अडकलेल्या दिसायच्या.
जांबोटीच्या रानात ती वारुळावरून न्यायची नाही,
हा त्याचा स्वतःचा कायदा.
साहेब चिडायचा. बाप वळसा घालायचा,
आणि वळशाचं अंतर बोटांवर मोजून वजा करायचा.

खानापूरची लाल माती कौलांत गेली,
तिच्या खड्ड्यांचं क्षेत्र कसं धरायचं, यावर एकदा
दुपारभर वाद झाला.
मग उगवतीकडं सरकत गेलं की भात संपायचं,
जोंधळा लागायचा, माती काळी व्हायची,
शेताला लोक होल म्हणायचे,
आणि पाणी मागितलं की आधी गूळ यायचा.
नक्की कुठल्या बांधाला भाषा बदलते
हे बापाला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाला असता,
बाई, तिथं दगड रोवलेला मी बघितला नाही.

हलशीच्या देवळामागं बसून तो भाकरी खायचा.
कुणीतरी सांगितलं होतं त्याला,
इथल्या राजानं तांब्याच्या पत्र्यावर जमीन दिली होती,
निवर्तनात मोजून.
तो विचार करायचा तो राजाचा नव्हे,
दोरीचं दुसरं टोक धरून
उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचा.

मी कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते.
उतारा कन्नडात निघतो,
अर्धी गिऱ्हाइकं तो माझ्याकडून वाचून घेतात.
वाचायचे पैसे मी लावत नाही.
लोकांना आपल्याच शेताचं नाव
दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडतं:
कोंड्याची पट्टी, सटवाईचा माळ, हाळेतला तुकडा.

गेल्या वर्षी तिपाईवरचं यंत्र आलं.
शशिकला मुचंडी, नवी मोजणीदार,
हातभर काकणं, डोक्याला टोपी.
आठ दिवसांनी दुकानात येऊन बसली.
म्हणाली, अक्का, सगळीकडं जमीन जास्त भरतेय.
एका गावात नव्हे. सगळीकडं. थोडी थोडी.

मी काही बोलले नाही.
घरी परसात साखळी टांगलेली आहे,
आई तिच्यावर लुगडी वाळत घालायची, आता मी घालते.
त्या रात्री ती उतरवली, ओसरीत ताणली, टेप लावला.
तेहतीस फूट.
आणि वर चार बोटं.
चाळीस वर्षं ओढून ओढून
कडी न् कडी झिजली होती, सैल पडली होती.
साखळी वाढत गेली
आणि कागदावर तालुका आकसत गेला.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
का बापाच्या आलं होतं?
त्याची चार बोटं मला आठवतात, जाड,
मूठ वळल्यावर पूर्ण न मिटणारी.

परवा तोपिनकट्टीची मल्लव्वा आली,
नवा उतारा घेऊन.
वाचून दाखवला. गुंठाभर जास्त.
म्हंजे आमचं वाढलं काय गं?
वाढलं नाही मावशी. होतंच.
ती बराच वेळ कागद उलटा धरून बघत राहिली.
मग इतकी वर्सं त्यो गुंठा नांगरत कोण होतं?
तुम्हीच की.

झेरॉक्सचे दोन रुपये सुट्टे नव्हते तिच्याकडे.
ओच्यातली तीन रताळी
मशीनवर ठेवून गेली,
मातीसकट.