हव जी

रोजनाम्यात एवढंच आहे:
दोषारोप वाचून दाखवला, समजावून सांगितला,
आरोपीस गुन्हा कबूल.
खाली तिरपा शिक्का
आणि देवमन निनावेची सही,
'नि'ची वेलांटी चौकटीबाहेर गेलेली.

कायदा म्हणतो, कबुली लिहावी
शक्यतो आरोपीच्याच शब्दांत.
म्हणून मी विचारलं, तुमचे शब्द काय होते?
कोर्टामागच्या ठेल्यावर बोटांची तर्री पुसत
तो म्हणाला, "हव जी."
नाही, म्हणजे तेव्हा, साहेबांपुढे काय म्हणालात?
"तेच त. हव जी."

या शहरात हव म्हणजे हो,
पण दर वेळी नाही.
हव म्हणजे ऐकू येतंय, तुम्ही बोला.
माझी आई फोनवर अर्धा तास हव हव करते
आणि शेवटी करते तिच्याच मनाचं.

त्या दिवशी यादीवर एकशे बारा प्रकरणं होती.
याचं सत्तरावं की काय.
इतवारीतल्या गोदामातून कुलरच्या दोन मोटारी,
अंदाजे किंमत अठराशे.
एप्रिलच्या नागपुरात कुलरची मोटर नेणं
म्हणजे एका घराची झोप नेणं, हे मलाही मान्य.
पण ती यानंच नेली का,
एवढं विचारायला कुणाला सवड नव्हती.
सोबतचा शिपाई कानाशी म्हणाला होता,
"बावीस दिवस त झालेच आत.
हव म्हण, सांजेले घरी जाशीन."

आणि तो खरंच संध्याकाळी घरी गेला.
गोळीबार चौकात उतरून पोरीसाठी खरबूज घेतलं,
वास घेऊन, ठोकून, भाव करून.

मिहानात वॉचमनची जागा मिळत होती डिसेंबरात.
चारित्र्य पडताळणीच्या कागदावर
ती संध्याकाळ टाईप होऊन परत आली.

मी मेमोत लिहिलं: कबुली स्वेच्छेची नाही,
निःसंदिग्ध नाही, वकील दिला नव्हता,
दोनशे चौदा दिवसांचा विलंब माफ व्हावा.
सुनावणीला पुढचा उन्हाळा उजाडला.
सरकारी वकील ढोबळे उठले,
कबुलीवर अपील चालत नाही, म्हणाले,
फार तर शिक्षेबद्दल बोला,
आणि शिक्षा तर भोगून झाली.
कलम तसंच आहे, ते चुकत नव्हते.
कबुली असली तर ना, मी म्हणाले,
आणि सत्र न्यायालयात मोठ्यानं उच्चारले
ते दोन शब्द.
स्टेनोनं मान वर केली,
"ह ला काना आहे का, मॅडम?"

कबुली रद्द. शिक्षा रद्द.
प्रकरण खाली परत, पहिल्यापासून.
न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावलं,
चष्मा काढून, सावकाश सांगितलं:
खटला आता पूर्ण चालेल. साक्षी होतील.
दोषी ठरलात तर शिक्षा वाढूही शकते.
समजलं?

कुलरमधलं पाणी संपलं होतं,
कोरडा वाळा नुसता खडखडत होता.

देवमन म्हणाला, "हव जी."

बाहेर पायरीवर मी त्याला थांबवलं.
काय समजलं तुम्हाला?
चपलेचा तुटका अंगठा बोटात बसवत
तो हसला, पहिल्यांदाच.
"मले कायी नाई समजलं, मॅडम.
पण तुमी व्हत्या ना तिथं."

माझ्या पिशवीत त्याचा वकालतनामा आहे.
सही बरोबर जिथे मी बोट ठेवलं होतं तिथे.
वाचून दाखवायचा राहिला.
त्या दिवशी माझीही यादी
मोठी होती.